ग्रेसचे मार्क



दिवाळीनंतर नातवंडांच्या हट्टापायी गोव्याला जाणं झालं. समुद्र बघून झाला, वाळूचे किल्ले बांधून झाले, आणि शेवटच्या दिवशी आम्हा म्हाताऱ्यांच्या वाट्याला जुनं गोवं आलं. तिथे बॉम जीझस चर्चपासून जवळच एका टेकडीवर जांभ्या दगडाचा पडका बुरूज उभा आहे. उंची सुमारे ४६ मीटर. संत ऑगस्टीनच्या पंथाचे साधू १५७२ साली गोव्यात आले आणि १६०२ मध्ये त्यांचं हे चर्च पुरं झालं. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने मठ बंद केले, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग गेला. उरला आहे तो एका बुरुजाचा अर्धा भाग. मी नातीला म्हटलं, "या चर्चचं खरं नाव अवर लेडी ऑफ ग्रेस. म्हणजे कृपेची माउली."

नात यंदा आठवीत आहे. ती म्हणाली, "ग्रेस म्हणजे आजोबा, ते ग्रेसचे मार्क देतात ते?"

सगळे हसले. मीही हसलो. पण परतीच्या गाडीत तिचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. तीसेक वर्षं मी पेपर तपासले. तीस मार्क पडलेल्या पोराला पाच मार्क चढवून पस्तिसावर नेलं की त्याला म्हणायचं ग्रेस. ख्रिस्ती लोक ज्याला कृपा म्हणतात ती हीच का? पोरगं नापास होणार होतं, देवाने वरून पाच मार्क टाकले, सुटलं बिचारं! मीही बरीच वर्षं असंच समजत होतो. ते तसं नाही, हे मला उतारवयात कळलं, आणि कळलं ते एका घरच्या गोष्टीमुळे. ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी ज्याच्या नावाचा तो मठ होता त्या माणसाची सांगायला हवी.

(ऑगस्टीनबद्दल एकेरीत लिहितो आहे. ज्ञानोबा-तुकोबांना आपण एकेरीतच हाक मारतो, त्यात अनादर नसतो.)

ऑगस्टीन हा मुळात आमच्याच धंद्यातला. मास्तर! जन्म १३ नोव्हेंबर ३५४, तागास्ते नावाच्या गावी. आज ते गाव अल्जीरिया देशात आहे, सूक अहरास या नावाने. तेव्हा तो रोमन साम्राज्याचा आफ्रिकी प्रांत होता. बाप बेताच्या परिस्थितीतला, जुन्या रोमन देवांना मानणारा. आई मोनिका कट्टर ख्रिस्ती. शाळेत या पोराने भरपूर छड्या खाल्ल्या. छड्या बसू नयेत म्हणून तो देवाची करुणा भाकायचा आणि घरची मोठी माणसं त्यावर हसायची, असं त्याने म्हातारपणाकडे झुकताना लिहून ठेवलं आहे. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. माझ्याही हातात छडी असायची.

सोळाव्या वर्षी पैशाअभावी शिक्षण थांबलं आणि हा घरी रिकामा बसला. तेव्हाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. शेजारच्या मळ्यात पेअरचं झाड होतं. फळं काही खास नव्हती, घरी याहून चांगली होती. तरी रात्री टोळकं जमवून सगळं झाड झोडपलं आणि फळं डुकरांपुढे टाकली. आपण म्हणू, यात काय एवढं? आपल्यापैकी कोणी कैऱ्या पाडल्या नाहीत? पण ऑगस्टीन या फळांपाशी पानंच्या पानं थांबतो. भूक नव्हती, फळ हवं नव्हतं, मग चोरी का केली? उत्तर तो असं देतो की करू नये ते करण्यातच गोडी वाटली, आणि एकटा असतो तर केलीही नसती. माणूस वाईटाकडे जातो तो अज्ञानामुळे, त्याला नीट समजावलं की सुधारतो, हे आम्हा शिक्षकांचं लाडकं मत. या पेअरच्या झाडाने त्याला पहिला धक्का दिला.

पुढे शिकायला कार्थेजला गेला. सतराव्या-अठराव्या वर्षी एका बाईबरोबर लग्नावाचून संसार मांडला, मुलगा झाला. त्याचं नाव आदेओदातुस, म्हणजे शब्दशः देवदत्त! पुढे कार्थेजला वक्तृत्वाचा शिक्षक झाला. तिथली पोरं वर्गात धुडगूस घालत. कंटाळून ३८३ साली रोमला गेला, तर तिथली पोरं फी द्यायची वेळ आली की सगळी मिळून दुसऱ्या मास्तरकडे पळत. (शिकवणी घेणाऱ्यांनो, ऐकताय ना?) ३८४ मध्ये मिलानला सरकारी नेमणूक मिळाली. दरबारात बादशहाची स्तुतिस्तोत्रं म्हणायची, भाषणं करायची, असं मानाचं काम. अशाच एका भाषणाला जाताना त्याला रस्त्यात एक झिंगलेला भिकारी खिदळताना दिसला. ऑगस्टीनच्या मनात आलं, हा दोन पैशांत जेवढा सुखी आहे तेवढासुद्धा मी नाही. आणि मी चाललोय खोटं बोलायला.

मिलानमध्ये बिशप ॲम्ब्रोजची प्रवचनं ऐकून त्याच्या बुद्धीच्या शंका फिटत गेल्या. पण अडचण आता बुद्धीची नव्हतीच. तरुणपणापासून तो देवाकडे संयम मागत आला होता, आणि मनात भीतीही असे की देव लगेच देऊन बसेल! मागायचं खरं, पण आत्ताच नको. हसू येतं ना? पण उद्यापासून गोड बंद म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी जरा जपूनच हसावं.

इथे एक काळी नोंद करायलाच हवी. आईने त्याच्यासाठी घरंदाज मुलगी पाहिली. त्यासाठी पंधराएक वर्षं बरोबर राहिलेल्या त्या बाईला आफ्रिकेला परत पाठवण्यात आलं. मुलगा इकडेच राहिला. नियोजित वधू लग्नाच्या वयाची व्हायला दोन वर्षं होती. तेवढाही धीर न निघून याने मधल्या काळासाठी दुसरी बाई ठेवली. हे सगळं तो स्वतःच सांगतो. हृदय फाटून रक्त वाहत होतं म्हणतो. पण त्या बाईचं नाव मात्र त्याने कुठेही लिहिलेलं नाही. मला हे आजही खटकतं.

मग येतो ३८६ चा ऑगस्ट महिना. इजिप्तच्या वाळवंटातल्या अंतोनी या तपस्व्याची गोष्ट एका पाहुण्याकडून त्याने ऐकली. अक्षरशत्रू माणसं स्वर्ग जिंकतात आणि आम्ही पंडित चिखलात लोळतो, या विचाराने तो घराच्या बागेत जाऊन अक्षरशः केस उपटू लागला. तिथे त्याने जे ओळखलं ते मला सगळ्या पुस्तकात मोलाचं वाटतं. मन हाताला सांगतं, हल, की हात हलतो. हुकूम आणि अंमल यांत अंतरच नाही. तेच मन मनाला सांगतं, इच्छा कर. आणि मन ऐकत नाही! हुकूम सोडणारं तेच, मोडणारं तेच. म्हणजे इच्छाशक्ती कमी पडते असं नाही, ती दुभंगलेली आहे. अर्धी या बाजूला, अर्धी त्या बाजूला. आणि दुभंगलेलं मन स्वतःला स्वतःच शिवू शकत नाही.

तेवढ्यात शेजारच्या घरातून एका मुलाचा, की मुलीचा, गाण्यासारखा आवाज आला. घे, वाच, असं ते मूल म्हणत होतं. त्याने जवळ पडलेलं संत पौलाच्या पत्रांचं पुस्तक उघडलं. समोर रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातला शेवटचा भाग आला. चैन, दारू, वासना हे सोडा आणि ख्रिस्ताला वस्त्रासारखं अंगावर घ्या, असा त्याचा आशय. ऑगस्टीन म्हणतो, पुढे वाचायची गरजच उरली नाही. ३८७ च्या ईस्टरच्या रात्री त्याने, मुलाने आणि मित्र आलिपियसने एकत्र बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी परतीच्या वाटेवर, ओस्तिया बंदरात, मोनिका वारली. देवदत्तही पुढे दोन-तीन वर्षांतच, ऐन तारुण्यात गेला.

या गोष्टीत दोन उपकथा आहेत. त्यांच्याशिवाय कृपेचा अर्थ मला लागला नसता.

पहिली आलिपियसची. हा सज्जन मुलगा रोमला कायदा शिकायला गेला. तिथे माणसांना माणसांशी मरेपर्यंत झुंजवण्याचे खेळ चालत. त्याला त्यांचा तिटकारा. एकदा मित्रांनी ओढतच नेलं. हा म्हणाला, शरीर न्याल, मन कसं न्याल? जाऊन डोळे घट्ट मिटून बसला. पण कान कसे मिटणार? कोणी तरी पडला, लोकांनी एकच गिल्ला केला, आणि याने डोळे उघडले. पाहू तर खरं, मग तुच्छतेने मान फिरवू, असा हिशोब. संपलं! ते रक्त बघताच त्याला त्याची नशा चढली. पुढे हा दुसऱ्यांना ओढून न्यायला लागला. ऑगस्टीनचा निष्कर्ष असा, की तो पडला कारण त्याची भिस्त स्वतःवर होती. हाच आलिपियस पुढे सुटला आणि तागास्तेचा बिशप झाला.

दुसरी मोनिकेची, आणि ही फारच घरगुती. लहानपणी आईबाप तिला पिंपातून दारू काढून आणायला पाठवत. काढताना ती ओठ लावायची. रोज थेंब थेंब वाढता वाढता पेले भरून प्यायला लागली. एक मोलकरीण तिच्याबरोबर जायची. एके दिवशी दोघींचं भांडण झालं आणि मोलकरणीने तिला बेवडी म्हणून हिणवलं. तो शब्द असा लागला की मोनिकेने त्याच दिवशी सोडली. ऑगस्टीन म्हणतो, मोलकरणीला काही सुधारणा करायची नव्हती, तिला फक्त टोचायचं होतं. पण देवाने तिच्या रागाचं औषध केलं. कृपा नेहमी आकाशवाणी होऊनच येते असं नाही. कधी शेजारच्या पोराचं गाणं होते, कधी मोलकरणीची शिवी.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे कृपा झाली आणि मोह संपला? मुळीच नाही! ऑगस्टीन ३९१ मध्ये हिप्पो (आजचं अन्नाबा, अल्जीरिया) या बंदरगावी धर्मगुरू झाला, पाचेक वर्षांत बिशप झाला आणि त्यानंतर 'कन्फेशन्स' लिहायला बसला. तेरा भागांचा ग्रंथ. संतपणाला पोचलेल्या दुसऱ्या कोणी नवव्या भागाशी, बाप्तिस्म्यापाशी, समाप्त असं लिहिलं असतं. हा दहाव्या भागात आजच्या स्वतःची झडती घेतो. दारूचा मोह नाही, पण जेवताना भूक कुठे संपते आणि चव कुठे सुरू होते ते कळत नाही. स्वप्नं अजून जुनीच पडतात. चर्चमधल्या गाण्यात अर्थापेक्षा सूरच गोड लागतो. पाल माशी पकडते ते बघण्यात प्रार्थना विसरतो. आणि सगळ्यात चिवट म्हणजे स्तुतीची हाव. स्तुती नको म्हणतो आणि स्तुती नको म्हणणारा म्हणून स्तुती झाली की सुखावतो! (लेख टाकल्यावर तासातासाला प्रतिक्रिया बघणाऱ्या आमच्यासारख्यांनी यावर अधिक बोलू नये.)

मराठी बायबलमध्ये ख्रिस्ताने शिकवलेली प्रार्थना आहे. तिच्यात मोह या अर्थी शब्द वापरलाय 'परीक्षा'. मास्तर म्हणून मला हा शब्द फार आवडतो. परीक्षा रद्द होत नाही. रोज पेपर असतोच.

ऑगस्टीनने त्या दहाव्या भागात देवाला एक विनंती केली होती. तू जे फर्मावशील ते पाळण्याची ताकदही तूच दे, आणि मग हवं ते फर्माव, असा तिचा भावार्थ. हे वाक्य रोममध्ये एका बिशपने वाचून दाखवलं तेव्हा ऐकणारा एक माणूस भयंकर संतापला. त्याचं नाव पेलाजियस.

पेलाजियस ब्रिटनकडून आलेला, अंगापिंडाने दांडगा, वागण्याने निर्मळ. त्याला खलनायक करू नका. रोममध्ये तेव्हा ख्रिस्ती होणं सोयीचं झालं होतं. श्रीमंत लोक बाप्तिस्मा घेत आणि जुनंच आयुष्य चालू ठेवत. विचारलं की म्हणत, काय करणार, माणूस दुबळाच! ही सबब पेलाजियसला सहन होईना. त्याचं म्हणणं सरळ होतं. देव न्यायी आहे, तो अशक्य आज्ञा देणारच नाही. आज्ञा दिली, म्हणजे पाळता येते. निवड करण्याची ताकद, नियमशास्त्र, ख्रिस्ताचा कित्ता, मागच्या पापांची क्षमा, एवढं देवाने दिलंय, हीच कृपा. आता कर! दिमित्रियास नावाच्या चौदा-एक वर्षांच्या मोठ्या घरच्या मुलीने व्रत घेतलं तेव्हा त्याने तिला पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो, की मी उपदेश करताना आधी माणसात किती ताकद आहे ते दाखवतो, नाहीतर तो प्रयत्नच करणार नाही. अहो, हे तर आमच्या बी.एड.च्या पुस्तकातलं वाटतं!

४१० च्या ऑगस्टमध्ये गॉथांनी रोम लुटलं. पळालेल्या लोकांबरोबर पेलाजियस आफ्रिकेत आला, तिथून पॅलेस्टाइनला गेला. वाद पेटला. ४१५ मध्ये पॅलेस्टाइनच्या धर्मसभेने त्याला निर्दोष ठरवलं, आफ्रिकेच्या बिशपांनी उलट ठराव केले, पोपची मतंही इकडून तिकडे हलली. शेवटी ४१८ च्या मे महिन्यात कार्थेजच्या सभेने निकाल दिला. त्या ठरावांतले दोन मुद्दे माझ्या नातीच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहेत. एक, कृपा ही फक्त झालेल्या पापांची माफी नव्हे, पुढे पाप होऊ नये म्हणून मिळणारी मदतही आहे. दोन, ती मदत नुसतं सोपं करण्यापुरती नाही, तिच्यावाचून ते जमतच नाही.

म्हणजे बघा, ग्रेसचे मार्क म्हणजे निकालानंतरची दया. पोराला गणित येत नव्हतंच, मार्क चढल्यावरही येत नाही. ऑगस्टीनची कृपा म्हणजे कोणी तरी परीक्षेआधी वर्षभर पोराशेजारी बसून त्याला गणिताची गोडी लावणं. गोडी हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. कृपा माणसाला मागून ढकलत नाही, ती त्याचं प्रेम बदलते, असं तो म्हणतो. मेंढीला हिरवी डहाळी दाखवली की ती ओढावी लागत नाही, मुलाला अक्रोड-बदाम दाखवले की तो धावत येतो, असे दाखले त्याने एका प्रवचनात दिले आहेत. मोहाशी सारखं कुस्ती खेळून माणूस दमतो. त्याहून मोठी गोडी लागली की मोह मागे पडतो.

मग प्रयत्नाचं काय? ऑगस्टीनच्या हयातीतच हद्रुमेतुम (आजचं सूस, ट्युनिशिया) इथल्या मठातल्या साधूंनी ४२६-२७ च्या सुमारास हीच शंका काढली. सगळं कृपेनेच होत असेल तर वडील साधू आम्हाला रागावतात कशाला? त्यांनी आमच्यासाठी नुसती प्रार्थना करावी! काय तल्लख मुलं असतील. म्हाताऱ्या ऑगस्टीनने त्यांच्यासाठी दोन छोटे ग्रंथ लिहिले. सारांश असा, की इच्छा तुमचीच, कष्ट तुमचेच, रागावणंही हवंच, कारण ते रागावणंसुद्धा कृपेचंच हत्यार असू शकतं. (पुन्हा ती मोलकरीण आठवते.)

आपल्याकडे दक्षिणेच्या वैष्णवांत हाच वाद झाला. माकडीण उडी मारते तेव्हा पिल्लाला स्वतः घट्ट धरावं लागतं. मांजर मात्र पिल्लाला स्वतःच तोंडात धरून नेते. मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर, असे दोन न्याय. पेलाजियस तर माकडीणही बाजूला ठेवून पिल्लालाच उडी मारायला सांगणारा. ऑगस्टीन पक्का मांजरीच्या पक्षाचा. आणि वारकऱ्याला तर यात काहीच परकं वाटू नये. आमच्या नगरात राहिलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, ते आपण तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. मी हिंदू घरातला, पूल ओलांडलेला नाही. पण पुलावर उभं राहून दोन्ही काठ बघायला काय हरकत आहे?

ऑगस्टीनचं सगळंच मला पटतं असं नाही. कोणाला कृपा मिळणार हे देवाने आधीच ठरवलंय, बाप्तिस्म्याविना मेलेलं तान्हं मूलसुद्धा तारलं जात नाही, इथपर्यंत तो गेला. विरोधी पंथाच्या लोकांना सरकारी जबरदस्तीने वळवायलाही त्याने पाठिंबा दिला. गोडी लावण्याची भाषा करणाऱ्या माणसाने हे करावं! त्याच्यामागे शंभर वर्षांनी, ५२९ साली, फ्रान्समधल्या ऑरेंज इथल्या सभेने कृपेचं तत्त्व ठेवलं, पण देवानेच कोणाला पापासाठी नेमलं असं म्हणायला ठाम नकार दिला. ते बरं झालं.

आता घरची गोष्ट.

माझा धाकटा भाऊ प्यायचा. घरच्यांना ठाऊक आहे, इतरांना आज कळेल. भावजयीला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, लिहा, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

मी थोरला, त्यात मास्तर. वीस वर्षं मी त्याचा पेलाजियस होतो. "मनात आणलं तर सोडशील" हे वाक्य मी त्याला किती वेळा ऐकवलं याची गणती नाही. त्याला शपथा घालायला लावल्या. १९८९ साली त्याने आईच्या फोटोवर हात ठेवून शपथ घेतली. अकरा दिवस टिकली. बाराव्या दिवशी मी त्याला त्याच्या मुलांसमोर नको ते बोललो. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दादा, मनात आणतो रे. मनच माझं राहिलेलं नाही."

मला ती सबब वाटली. मी उठून निघून आलो आणि जवळजवळ दोन वर्षं त्याच्या घरी गेलो नाही.

आमच्या शाळेत ड्रॉइंगचे एक ख्रिस्ती सर होते. १९९७ साली त्यांनी त्याला एका चर्चमागच्या खोलीत भरणाऱ्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला नेलं. ही संघटना १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब या दोन दारुड्यांच्या भेटीतून सुरू झाली. दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीतून आलेले. पुढे त्यांनी कोणा एका धर्माचं बंधन ठेवलं नाही, ज्याला देव जसा समजेल तसा. पण त्यांची पहिली पायरी ऐकून मी चाट पडलो. दारूपुढे आपण हतबल आहोत हे कबूल करायचं! मी वीस वर्षं ज्या वाक्याबद्दल त्याला झोडपत होतो, ते तिथे पहिल्या दिवशी म्हणावं लागतं.

कसं झालं मला माहीत नाही. पहिल्या वर्षात तो दोनदा घसरला. दोन्ही वेळा सर त्याला घरून घेऊन गेले, काही न बोलता. १९९८ पासून २०१७ मध्ये जाईपर्यंत त्याने थेंब घेतला नाही. आणि दर आठवड्याची सभा त्याने कधी चुकवली नाही. मी एकदा विचारलं, "आता कशाला जातोस? सुटली ना?" तो म्हणाला, "सुटली नाही दादा. आजच्यापुरती सोडवली आहे." कोणी सोडवली ते त्याने सांगितलं नाही. घरात विठोबाच्या फोटोला रोज हात जोडायचा, आणि त्या सरांच्या घरी नाताळला जायचा.

तो गेल्यावर ड्रॉइंगच्या सरांनी मला 'कन्फेशन्स'चं इंग्रजी पुस्तक दिलं. मराठी माध्यमाचा माणूस मी, शब्दकोश उशाशी घेऊन आठ महिने वाचत होतो. बागेतल्या प्रसंगापाशी आलो, मन मनाचं ऐकत नाही ते वाचलं, आणि भावाचा आवाज ऐकू आला. सोळाशे वर्षांपूर्वीचा बिशप आणि माझा शाळा सोडलेला भाऊ एकच गोष्ट सांगत होते, आणि मी दोघांच्या मध्ये छडी घेऊन उभा होतो.

मला त्याची माफी मागायची राहून गेली. मागितली असती तर तो म्हणाला असता, जाऊ दे रे दादा. म्हणून तर मागणं टाळलं असेल. हाही एक मोहच.

ऑगस्टीन ४३० साली वारला, तेव्हा हिप्पोला वांडाल टोळ्यांचा वेढा पडला होता. शेवटच्या दहा दिवसांत त्याने कोणाला भेटायला येऊ दिलं नाही. पश्चात्तापाची स्तोत्रं लिहून समोरच्या भिंतीवर लावून घेतली होती, पडल्या पडल्या ती वाचत तो रडत होता. शहात्तराव्या वर्षी, बिशप होऊन पस्तीसेक वर्षं झाल्यावर! आता त्यात मला निराशा दिसत नाही. शेवटचा पेपरही तो आपल्या हुशारीवर सोडवायला बसला नव्हता, एवढंच.

नातीला अजून उत्तर दिलेलं नाही. आठवीतल्या मुलीला एवढं सगळं सांगायचं कसं? रविवारी ती येते तेव्हा तिच्या धाकट्या आजोबांची गोष्ट सांगायचं ठरवलंय. तिला ते फक्त हसरे, खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवणारे आजोबा म्हणून आठवतात. बाकीचं तिने माझ्याकडून ऐकावं, आणि त्यात माझी छडीही यावी.

असो. फार लांबलं. चूकभूल द्यावी घ्यावी.